दुसऱ्या गटाची सुई

गोठ्याचे फाटक उघडण्यापूर्वी ती नेहमी क्षणभर थांबे आणि आत कान देई. मेंढ्या जाग्या असल्या की आतून एक संथ, भरडल्यासारखा आवाज येत राही. रवंथ, खुरांची चुळबुळ, मधूनच एखादीचे माणसासारखे खोकणे. आत सगळे ठीक आहे की नाही, हे त्या आवाजावरून तिला दिवा लावण्याआधीच कळे. लग्न होऊन या घरात आल्यावर सासूने शिकवलेली ही पहिली गोष्ट होती.

त्या सकाळीही तिने तसेच केले. हौदात पाणी ओतले. गारठ्याने बादलीची कडी हाताला डसत होती. गव्हाणीतला ओलसर चारा काढून कोरडा टाकला, खराट्याने लेंड्या कोपऱ्यात ओढल्या, एका मेंढीच्या खुरात अडकलेला खडा काढला. बाहेर सासरे खाकरत होते, नवरा फोनवर कुणाशी तरी हसत बोलत होता. मग ती मधल्या आडोशापलीकडे गेली. सुई देऊन झालेल्या पहिल्या गटाच्या मेंढ्या तिथे वेगळ्या ठेवल्या होत्या.

कानतुटी म्हणून एक मेंढी होती, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या शेपटीखालची लोकर ओली आणि तांबूस झाली होती. मागच्या पायांशी, पेंढ्यात, तळहाताएवढे काहीतरी पडले होते. अंगावर केस नव्हते. कातडी इतकी पातळ, की आतल्या शिरा निळ्या दिसत होत्या. पण चारी पायांना इवलेसे खूर होते आणि डोळ्यांच्या जागी दोन काळसर ठिपके. मेंढी मान वळवून त्याला हुंगे आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करी, जणू हे आपले नव्हेच.

सून ओरडली नाही. तिचा हात मात्र आपोआप ओटीपोटाकडे गेला आणि तिथे पोचताच चटका बसल्यासारखा तिने तो काढून घेतला. कुणी पाहिले तर?

पाळी चुकून महिना होऊन गेला होता, आणि ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती.

थोड्याच वेळात सगळे घर कानतुटीभोवती जमले. नवऱ्याने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावे म्हणून तो हातात आडवा धरला.

"टाकलं का? मग ती आधीच गाभण असणार," डॉक्टर म्हणाला. "मी विचारलं होतं तुम्हाला, मधे मेंढा कळपात सुटला होता का? नाही म्हणालात."

नवऱ्याने सासऱ्यांकडे पाहिले. सासऱ्यांना एरवी शेजारून हाक मारली तरी ऐकू येत नसे. हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आले.

"एकदा सुटला होता," ते म्हणाले. "संध्याकाळचा. पण लगेच धरला मी. दोन उड्या मारल्या असतील फार तर."

"आबा, दोन उड्या पुष्कळ झाल्या की त्याला!" डॉक्टर हसला. "या सुईचं कामच ते आहे. आत असेल ते खाली पाडायचं आणि मेंढी नव्यानं माजावर आणायची. बरं, दुसऱ्या गटात अशी कुणी नाही ना? मग आज त्यांचे स्पंज काढा आणि लगोलग सुई द्या. उद्यावर टाकू नका, सगळं गणित बिघडेल. आणि परत सांगतो, घरात कुणी पोटुशी बाई असेल तर तिला लांब ठेवा. नुसतं कातडीला लागलं तरी आत जातं ते औषध."

"आमच्यात कोण पोटुशी?" नवरा म्हणाला.

त्यात खोच नव्हती. घरात कुत्रे नाही, हे सांगावे तितक्या सहज तो बोलला. सासू पेंढा गोळा करत होती. तिचा हात जरासा थांबला आणि पुन्हा चालू लागला.

हे औषधपाण्याचे खूळ काही हौसेने घरात आले नव्हते. गेल्या वर्षी मेंढ्या वाटेल तेव्हा माजावर आल्या आणि वाटेल तेव्हा व्यायल्या. बरीच कोकरे जन्मली ती गवत वाळून गेल्यावर. आयांना दूध नाही. बाटलीने पाजायला हात पुरले नाहीत. रोज सकाळी सून टोपली घेऊन आत जाई आणि मेलेली कोकरे उचलून बांधापलीकडे पुरून येई. तेव्हा डॉक्टरने हा मार्ग सुचवला. मेंढीच्या योनीत औषधाचा स्पंज आठवडाभर ठेवायचा, म्हणजे तिचा माज थोपून राहतो. मग स्पंज काढायचा, सुई द्यायची, आणि सगळ्या एकदम माजावर येतात. मग सगळी कोकरे एकाच आठवड्यात जन्मतात, तीही कोवळे गवत उगवलेले असताना. एका मेंढ्याला सगळा कळप एकदम झेपणार नाही म्हणून दोन गट केले होते.

दोन्ही गटांचे स्पंज सुनेनेच बसवले होते. तिचा हात लहान, बोटे सावध. खोक्यातले हातमोजे पुरुषी मापाचे होते. त्यांची टोके लोंबत आणि स्पंजचा दोरा निसटे. पहिल्याच दिवशी तिने ते काढून टाकले होते.

पाळी चुकली ती पहिल्या गटाचे स्पंज बसवले त्याच सुमारास. म्हणून कित्येक दिवस ती स्वतःला समजावत होती, की दिवस वगैरे काही गेले नसतील. मेंढ्यांचे थोपते तसे आपलेही थोपले असेल. पण गेल्या आठवड्यापासून पहाटे मळमळू लागले, चहाचा वास नकोसा झाला, आणि हे समजावणे लंगडे पडू लागले.

याआधी दोनदा तिला दिवस गेले होते. पहिल्या वेळी आनंदाच्या भरात सगळ्या आळीला कळले. तिसऱ्या महिन्यात सगळे संपले, तेव्हा भेटेल ती बाई "आता कसं आहे?" विचारी आणि उत्तर ऐकण्याआधीच तिच्या पोटाकडे बघे. दुसऱ्या वेळी घराबाहेर शब्द जाऊ दिला नाही, तरी तेही गेले. त्यानंतर सासू महिनाभर तिच्याशी धड बोलली नाही. रागावली नाही, टोमणा मारला नाही. नुसती गप्प राहिली. त्या गप्प बसण्याचे सुनेला मेंढ्याच्या धडकेपेक्षा जास्त भय वाटे. या वेळी तिने ठरवले होते, की पोट दिसेपर्यंत अवाक्षर काढायचे नाही.

उन्हे गोठ्याच्या पत्र्यावर आली तेव्हा काम सुरू झाले. सासरे फाटकाशी उभे राहून एकेक मेंढी आत सोडत. सासू दोऱ्याला धरून स्पंज ओढून काढी आणि बादलीत टाकी. त्याला असा उग्र वास येई, की सासरे तोंड फिरवत. सून मेंढी धरी. नवरा सुई देई.

सुनेने आज हातमोजे शोधून काढले.

"आज काय राणीसाहेब?" नवरा म्हणाला. "पंगतीला निघालात का?"

"हाताला चीर पडलीये."

"बघू."

"काही नाही हो. तुम्ही सुई भरा."

पण मोज्यांतून लोकर पकडीत येईना. दुसरीच मेंढी हिसडा मारून सुटली आणि सासऱ्यांच्या पायांमधून गेली. ते मटकन खाली बसले.

"अगं, धरतेस का तिला नमस्कार करतेस?" नवरा वैतागला. "काढ ते. अख्खा दिवस जाईल असा."

तिने डाव्या हाताचा मोजा काढला. उजव्याचा राहू दिला. एवढे तरी, असे तिला वाटले.

या घरात मेंढ्यांना लशी टोचण्याची एक रीत पडून गेली होती. धरणाऱ्याने मेंढी गुडघ्यांत दाबायची, एका हाताने हनुवटी वर करायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत मानेची कातडी ओढून तिचा तंबू करायचा. टोचणाऱ्याने त्या तंबूत सुई घालायची. सगळ्या लशी कातडीखाली द्यायच्या असत, त्यामुळे वर्षानुवर्षे असेच चालले होते. ही सुई मांसात द्यायची, कातडी ओढायची नाही, असे डॉक्टरने बजावले होते. पहिल्या गटाला तो स्वतः हजर होता म्हणून तसे झाले. आज तो नव्हता, आणि पाचसहा मेंढ्यांनंतर हात आपल्या जुन्या वळणावर गेले. सुनेने कातडी ओढली, नवऱ्याने तंबूत सुई घातली. दोघांपैकी कुणालाच काही वेगळे वाटले नाही.

मग एक दांडगी मेंढी आली. सुई टेकताच तिने मान झटकली. सुई कातडीच्या घडीत एका बाजूने शिरली, दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि सुनेच्या डाव्या अंगठ्यात रुतली. त्याच क्षणी नवऱ्याने दट्ट्या दाबला.

"आई गं!"

"काय झालं?"

तिने हात मागे घेतला. अंगठ्यावर रक्ताचा टपोरा थेंब उभा राहिला होता. मेंढीच्या मानेची लोकर ओली दिसत होती. पण किती लोकरीत गेले आणि किती आत, हे कसे कळावे? अंगठा आतून थंड पडल्यासारखा वाटला. की तो तिचा भास होता?

"टोचली का? दाखव." नवऱ्याने पाहिले आणि हसून टाकले. "एवढंसं रक्त! आता तुला एकदम जुळी होणार बघ, आबांना सांग पाळणे आणायला."

"काय आणायला?" सासऱ्यांनी फाटकातून विचारले.

"काही नाही आबा, पुढची सोडा."

सासू उठून उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांवरून पाणी निथळत होते. ती सुनेजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, तसं काही नाही ना?"

नवरा सुई भरत होता. सासरे कान पुढे करून उभे होते. सासूचा चेहरा अगदी समोर होता, आणि त्यावर तेच ते, दोन वर्षांपूर्वीचे मौन पुन्हा पसरेल, असे तिला दिसू लागले.

"नाही," ती म्हणाली.

सासूने ओले हात पदराला पुसले. मग आपल्या बादलीकडे गेली.

पुढची मेंढी आली. सुनेने ती गुडघ्यांत दाबली. अंगठ्यात ठणका सुरू झाला होता. वाकल्यावर ओटीपोटात काहीतरी आवळल्यासारखे झाले. वाकल्यामुळे असेल. मेंढीची ऊब तिच्या मांड्यांना लागत होती, मेंढीचे काळीज फडफडत होते, आणि आपले कुठले व तिचे कुठले हे तिला वेगळे करता येईना. भीती पायांतून वर चढत होती. त्या भीतीतच, कुणी कानात सांगावा तसा एक विचार आला: गेले तर गेले. कुणाला ठाऊकच नाही. कुणी विचारणार नाही, कुणी पोटाकडे बघणार नाही, कुणी गप्प बसणार नाही. उद्यापरवा एकटीने कपडे धुऊन टाकले, की झाले.

आणि तिला एकदम कळले, की महिनाभर ती यासाठीच गप्प होती. ते राहावे म्हणून नव्हे. जाईल तेव्हा कुणाला दिसू नये म्हणून.

सुईपेक्षा तिला त्या विचाराची धडकी भरली. तिने गुडघे सैल केले, हात उघडले. मेंढी उडी मारून पळाली.

"अगं ए!" नवरा ओरडला. "आता काय?"

ती नळाशी गेली, उजव्या हाताचा मोजा काढला, साबण घेतला आणि अंगठा पुन्हा पुन्हा धुतला. मग परत येऊन तिने नवऱ्याच्या शेजारी फळीवर ठेवलेली औषधाची रिकामी बाटली उचलली.

"मघाशी मी खोटं बोलले," ती सासूला म्हणाली. "आहे. महिना होऊन गेला. मी दवाखान्यात चाललेय."

बादलीत एक स्पंज तरंगत होता. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा वैताग उतरायला थोडा वेळ लागला, आणि उतरल्यावर तिथे काय आणावे हे त्याला सुचेना.

"मग बोलायचं ना!" तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "मी आत्ता... जुळ्यांचं काय बोललो... थांब, गाडी काढतो."

"गाडीवर नको, खड्ड्यांनी हाडं खिळखिळी होतात," सासू म्हणाली. "दवाखाना कुठं लांब आहे? चालत जाऊ, सावकाश. तू आधी हात धू तुझे."

"चाललात कुठं दोघी?" सासऱ्यांनी विचारले. "निम्म्या राहिल्यात अजून!"

"राहू देत," सासू मोठ्याने म्हणाली.

रस्ता रिकामा होता. सासू अर्धे पाऊल पुढे चालत होती. कुंपणांवर कपडे वाळत होते, एका घरात कुणीतरी भांडी घासत होते. सून प्रत्येक पाऊल असे टाकत होती, जणू भरलेली घागर डोक्यावर आहे. पोटात काही होतेय का, याकडे तिचे सगळे ध्यान होते. काहीच होत नसले की तिला जास्तच भीती वाटे.

"मला माहीत होतं," सासू मागे न बघता म्हणाली.

सून थांबली. "कधीपासून?"

"दोरीवर तुझी कापडं दिसेनात, तेव्हापासून."

"मग सकाळी डॉक्टर सांगत होते, तेव्हा का नाही बोललात?"

सासूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "मागच्या दोन्ही वेळी पहिल्यांदा मीच बोलले होते. आठवतं? ओळखलं मी, आणि बोलून मोकळी झाले. दोन्ही वेळी गेलं. म्हटलं, आपल्या जिभेलाच काहीतरी आहे. या वेळी तोंड उघडायचं नाही. तू सांगशील तेव्हा सांगशील."

"आणि मी मेंढी धरली, तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, नसेल. असती तर धरली नसतीस."

सुनेला ओरडावेसे वाटले. तुम्ही मला लांब ढकलायचे होते, कानाखाली मारून ढकलायचे होते, असे काहीतरी तिच्या ओठांवर आले. पण सासूने विचारल्यावर आपण काय म्हणालो, तेही तिला आठवले. दोघींनी महिनाभर एकमेकींची तोंडे बघत काढला होता. ती पुन्हा चालू लागली. थोड्या वेळाने सासूने तिचा दंड धरला; आधाराला धरावा तसा नव्हे, चुकार मेंढीला धरावा तसा, घट्ट. तिने तो सोडवून घेतला नाही.

दवाखान्याच्या बाकांवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच ओळखीच्या.

"काय होतंय?" नर्सने वर न बघता विचारले.

"जरा आत येऊन सांगते," सासू कुजबुजली.

"इथंच सांगा, आत पेशंट आहे."

सासूने बाकांकडे पाहिले. सुनेनेही पाहिले. मग तिने बाटली नर्सच्या पुढ्यात ठेवली.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली. "आणि मेंढ्यांचा गाभ पाडायची सुई माझ्या बोटात गेलीये. आत्ता, थोड्या वेळापूर्वी."

तिने आवाज खाली आणला नाही. बाकांवरची बोलणी थांबली. नर्स उठली.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचे बारीक अक्षर खिडकीशी नेऊन वाचले. "हे आम्ही वापरत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. त्या बराच वेळ ऐकत होत्या. सकाळी हसणारा तो आवाज आता नुसता पुटपुटल्यासारखा येत होता. मग त्यांनी सुनेचे पोट तपासले, अंगठा पाहिला, रक्तदाब पाहिला.

"किती गेलं असेल आत?"

"कळलं नाही. लोकर भिजली होती."

"म्हणजे बरंचसं बाहेर सांडलंय."

"राहील का?" सुनेने विचारले.

बाईंनी उगाच धीर दिला नाही. "आत्ता सांगता येणार नाही. हे औषध अंगात फार काळ टिकत नाही. आजचा दिवस आणि रात्र नीट गेली, तर आशा धरायची. पोटात कळ आली, रक्त दिसलं, तर लगेच सांगायचं. घरी जाऊन झोपलात तरी चालेल, पण उठायचं नाही. अजिबात."

घरी तिची खाट गोठ्याला लागून असलेल्या भिंतीशी होती. भिंतीपलीकडे एखादी मेंढी वेगळ्या सुरात ओरडली, की तिला आपण उठलोय हे उठल्यावरच कळे.

"घरी नको," ती म्हणाली. "मी इथंच राहते."

सासूने मान डोलावली आणि सुनेला आतल्या खाटेवर निजवले. मग ती काहीतरी मनाशी जुळवत उभी राहिली. "मग मी जाते," ती म्हणाली. "बाकीच्या मी धरते. त्यांच्या वेळेला त्यांना सुई मिळायला हवी, नाही तर परत गेल्या वर्षीसारखी कोकरं उचलत बसावं लागेल."

"तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना काय सुई द्यायचीये? आणि माझ्या पोटातून आता काय पडायचंय!"

नर्सला हसू फुटले. सासू हसली नाही.

"मोजे घाला," सून म्हणाली. "मोठे होतात, मनगटाशी दोरीनं बांधा. आणि ह्यांना सांगा, कातडी ओढायची नाही म्हणून."

"सांगते. तू तुझं बघ."

सासू दारापर्यंत गेली, परत आली, खाटेखाली वाकली. तिने सुनेच्या चपला उचलल्या आणि काखेत मारल्या.

"ह्या मी नेते," ती म्हणाली. "म्हणजे उठणार नाहीस."

ती गेली. तिची घाईची, जराशी लंगडी पावले बाहेरच्या फरशीवर ऐकू आली आणि मग ऐकू येईनाशी झाली. सुनेने पाय उशीवर ठेवले. भीती कुठे गेली नव्हती. ती तिच्या शेजारी अंग चोरून पडली होती, एवढेच. पट्टी बांधलेला अंगठा तिने छातीवर ठेवला आणि ती छताकडे बघत राहिली.

शेजारच्या खाटेवर दिवस भरलेली एक बाई होती. तिने मोठ्या कष्टाने कुशीवर वळून विचारले, "कितवं?"

सुनेने थोडा विचार केला.

"तिसरं," ती म्हणाली.